बारा कपडे आणि दीड एकर

कुणीतरी आपल्याला लहानपणापासून फसवत आलं आहे. मी नाव घेत नाही, कारण नाव मला माहीत नाही. पण ज्या कुणी पहिल्यांदा 'हा जपून ठेव, कार्यक्रमाला होईल' असं म्हणून एक धडधाकट शर्ट कपाटात कोंडला, त्या माणसाने आपल्या समाजाचं फार मोठं नुकसान केलं. त्या एका वाक्यामुळे घरोघरी कपाटं फुगली आणि माणसं मात्र कॉलर विरलेल्या शर्टात हिंडत राहिली. कार्यक्रम येतो, तेव्हा जपलेला शर्ट पोटावर बसत नाही. मग नवा घ्यायचा. आणि तोही जपून ठेवायचा!

हे सत्य मला एका रविवारी कपाटापुढे उभा असताना सुचलं. (शिवांजलीच्या मते ते सुचलं नाही, वरच्या फळीवरून माझ्या शेरवानीचा खोका डोक्यात पडला. असेना. मोठ्या विचाराआधी काहीतरी पडावंच लागतं.)

मी वीरधवल. नाव ऐकून लोक माझ्या मागे आणखी कोणी उभं आहे का ते बघतात, कारण माझं वजन चोपन्न किलो आहे. मलकापूरच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात मी सर्व्हेइंग शिकवतो, म्हणजे पोरांना जमीन मोजायला शिकवतो. लग्नाला दीड वर्ष झालं. शिवांजली औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक नव्या विचाराकडे ती 'याचे साइड इफेक्ट काय?' अशाच नजरेने बघते.

मी कपडे मोजले. एकसष्ट भरले. त्यात दोन शेरवान्या, एक थ्री-पीस, आहेरात आलेले चौदा शर्टपीस (जे कधीच शिवले जात नाहीत, फक्त एका आहेरातून दुसऱ्या आहेरात प्रवास करतात) आणि 'घरात घालायला होईल' या सदरातले तेवीस. मी तडक एक वही घेतली आणि महिनाभर रोज कुठे गेलो, काय केलं, ते लिहून काढलं. हिशेब असा निघाला: कॉलेज चोवीस दिवस. पोरांना घेऊन माळावर जमीन मोजायला सहा वेळा. भाजी मंडई आठ वेळा. सासरवाडी तीन वेळा. लग्नं दोन, दहावा एक. राजदरबार: शून्य वेळा. आणि तरी माझ्याकडे राजदरबाराचे दोन पोशाख होते!

"शिवांजली," मी म्हणालो, "माणसाचं कपाट त्याच्या खऱ्या आयुष्यासारखं असलं पाहिजे. आजपासून मी बारा कपड्यांत जगणार."

"खरंच बारा?"

"बाराच."

"म्हणजे तुमच्या बाजूच्या तीन फळ्या रिकाम्या होणार?" असं विचारताना तिच्या डोळ्यांत मी लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या आदर्शवादाबद्दल निखळ आदर बघितला. संध्याकाळपर्यंत तिन्ही फळ्यांवर साड्या होत्या. आता मागे फिरण्याची वाटच उरली नाही.

जुने कपडे गरजूंना दिले, शर्टपीस आईकडे पाठवले (ते फिरत आले होते, फिरत गेले) आणि कराडला पेठेत खरेदीला गेलो.

"बोला साहेब, कशासाठी बघायचं?" दुकानदाराने विचारलं. "लग्न, साखरपुडा, मुलाखत?"

"जगण्यासाठी."

त्याने मागच्या फळ्यांवर एक नजर फिरवली. "तसलं वेगळं न्हाई ठेवत आपण. फॉर्मलमध्ये बघा."

मी बघितलं. तीन पँटी, पाच शर्ट, दोन टी-शर्ट, एक स्वेटर, एक टोपी. सगळे रंग खाकी, मातकट आणि सायीसारखे, कारण आमच्याकडे हवेत जी धूळ असते तिच्याशी भांडण्यापेक्षा तिच्याशी सलोखा केलेला बरा. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालतो. तीन गुणिले सात, एकवीस जोडण्या! पँटींना सहा-सहा खिसे. शिवाय छातीवर आडवी येणारी एक पट्ट्याची पिशवी घेतली. ती मी कपड्यांत धरत नाही. (शिवांजली धरते, पण बहुमत माझं आहे.) पिशवीचं झाकण लोहचुंबकाचं होतं, एका बोटाने उघडायचं, आपोआप मिटायचं. सकाळी कपडे निवडायला मला आता अकरा सेकंद लागायचे. मी इतका सुखी झालो की स्टाफरूममध्ये लोक मला टाळू लागले.

तर अशा सुखात असताना फेब्रुवारीतल्या एका रविवारी मला सासरवाडीहून बोलावणं आलं.

सासरवाडी उंब्रजपासून चार किलोमीटर आत, उसाच्या पट्ट्यात. सासरे नाथाजी, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात. (रागात असले तर 'पाव्हणं' म्हणतात. पुढे लक्षात ठेवा.) माझा मेहुणा शिवतेजही सैन्यातच आहे. त्याचं लग्न बावीस तारखेला ठरलं होतं. सुट्टी मंजूर झालेली, आठशे पत्रिका वाटलेल्या आणि मांडव पडणार होता विहिरीशेजारच्या दीड एकरात. अडचण एवढीच होती की त्या दीड एकरात अजून दहा फूट ऊस उभा होता.

"त्याची काळजी न्हाई," मामा म्हणाले. "तोडणीची टोळी येऊन गावात बसलीया. कारखान्याचा जुना चिटबॉय बदलून गेला, नवा आज-उद्याला येतूय. तो आला, त्यानं फड दावला, की टोळी लागंल. पैला नंबर आपलाच हाय. तुमी तेवढं मांडव कसा बसतूय ते मोजून ठेवा. विंजिनेर जावई केलाय तर काय तरी उपेग हुंदे."

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा तो माणूस, जो कुणाचा फड, म्हणजे तोडणीचा ऊस, कधी तुटणार हे ठरल्याप्रमाणे दाखवून देतो. हंगामात आमच्या भागात त्याला जो मान असतो, तो एरवी फक्त पाऊस न पडल्यावर पावसाला असतो.

"चारच्या सुमाराला उंब्रजचा मांडववाला यील," मामा पुढे म्हणाले. "मला सोसायटीत बैठक हाय. त्याला जागा तुमीच दावा. विहिरीच्या उगवतीचं वावर आपलं. मावळतीचं हिंदुरावाचं. त्या अंगाला बघूबी नगा."

हिंदुराव म्हणजे मामांचे चुलतभाऊ. हातभर बांधावरून अकरा वर्षं दोघांत बोलणं बंद. घरं समोरासमोर, पण इतकं बंद की पलीकडे गेलेली कोंबडीसुद्धा कुणी मागायला जायचं नाही. आमच्या एका कोंबडीची नातवंडं आज तिकडे अंडी देतात.

मी निघालो. खाकी पँट, सायीच्या रंगाचा शर्ट, टोपी, छातीवर पिशवी, हातात मापांची डायरी, खिशाला पेन. आणि काय सांगू, त्या दिवशी गावाने मला जे प्रेम दिलं, ते लग्नात वरातीलासुद्धा दिलं नव्हतं. (गावाने मला त्याआधी नीट बघितलं होतं ते फक्त लग्नात, शेरवानीत; एरवी मी कॉलेज सुटल्यावर अंधारातच यायचो.) वेशीजवळ एका म्हाताऱ्याने उठून रामराम घातला. पारावरच्या दोघांनी मला जागा करून दिली. एका बाईंनी हाक मारून बसवलं, चहा दिला आणि वर ओला हरभरा बांधून दिला.

"सायब, आमचंबी जरा ध्यानात असूंद्या," त्या म्हणाल्या.

"आहे की!" मी म्हणालो. मला भरून आलं. माणूस साधा राहिला की समाज त्याला कसा जवळ घेतो! शेरवानीत कुणी हरभरा दिला असता का? (शेरवानीला खिसेही नव्हते.)

शेतावर पोहोचलो तर दोन्हीकडे सारखाच ऊस, भिंतीसारखा. विहीर मधे. उगवत कुठली, मावळत कुठली? सर्व्हेइंगचा मास्तर असल्या बाबतीत अंदाज करत नाही. मी मोबाईल काढला, छातीशी धरला आणि होकायंत्राचं ॲप उघडलं. सुईने ठामपणे दिशा दाखवली. सूर्य वेगळंच काहीतरी सुचवत होता. पण सूर्याला ॲप नव्हतं. मी ॲपवर विश्वास ठेवला, बांधावरून फिरून मापं घेतली, डायरीत आकृती काढली.

तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ आला. मागे आठदहा बायामाणसं.

"रामराम सायेब. तुमचीच वाट बघून ऱ्हायलो होतो."

"मीही तुमचीच बघतोय," मी घड्याळ दाखवलं. चार वाजून दहा मिनिटं. मांडववाला वेळेचा पक्का दिसत होता.

"दोन दिवस झाले, माणसं नुसती बसून हायेत सायेब."

"बसून कशाला? उद्या पहाटे लागा कामाला. तारीख जवळ आलीये."

"जागा कोन्ती?"

मी हात लांब केला. "या बांधापासून त्या नारळापर्यंत. सबंध. कोपरासुद्धा सोडायचा नाही."

"गाडी आत कुठून घालू?"

"ओढ्याच्या अंगाने वाट करून घ्या."

"बरं. आन् चिठ्ठी?"

(मापांची चिठ्ठी मागणारा मांडववाला! मी मनातल्या मनात त्याला उठून सलाम केला.) "नंबर सांगा, व्हॉट्सॲपला टाकतो. पण एक सांगा, या उसाचं काय?"

तो हसला. "उसाची काळजी तुमी नका करू सायेब. ते आमच्यावर सोडा."

ऊस काढणार, जागा साफ करणार, वर मांडव घालणार! याला म्हणतात पॅकेज. शहरात उगाच इव्हेंट मॅनेजमेंट म्हणून नाचतात. मी त्याला मापांचा फोटो पाठवला, खाली सही ठोकली आणि मलकापूरला परत येऊन शिवांजलीला म्हणालो, "तुझ्या वडिलांना पंधरा दिवस जमलं नाही ते मी पाच मिनिटांत केलं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिचा फोन आला. मी वर्गात होतो.

"काल तुम्ही जागा कुणाला दाखवली?"

"मांडववाल्याला."

"मांडववाला काल आलाच नाही. त्याची म्हैस व्यायली."

मी खडू खाली ठेवला.

"आबा म्हणतात," ती वडिलांच्या निरोपाचा एकेक शब्द गोळीसारखा मोजून देत म्हणाली, "पाव्हण्यांना म्हणावं, असतील तसं या."

पाव्हण्यांना! मी होतो तसाच निघालो. मातकट पँट, फिकट खाकी शर्ट. वाटेत सिग्नलला थांबलो असताना फोन काढायला पिशवी उघडली आणि झाकण 'टक्' करून मिटलं. लोहचुंबक! होकायंत्राजवळ लोखंड किंवा चुंबक असलं की सुई खोटं बोलते, याला लोकल अट्रॅक्शन म्हणतात. हे मी दर वर्षी दुसऱ्या धड्यात शिकवतो. चार मार्कांना येतं. पोरांना पाठ आहे.

शेतावर जत्रा भरली होती. हिंदुरावांच्या वावरातला एका कडेचा ऊस आडवा झाला होता, मोळ्या बांधून ट्रॅक्टरवर चढत होत्या. आमचा ऊस डौलात तुरे हलवत उभा. मामा बांधावर. त्यांच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात उदबत्तीचा पुडा. पहाटे ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ते पूजेला म्हणून आले होते, आणि तेव्हापासून कोणता देव धरावा याचा विचार करत तिथेच उभे होते. पार पलीकडच्या टोकाला हिंदुराव, कमरेवर हात ठेवून, आपल्या शेतात हे काय चाललंय ते बघत.

माझी गाडी थांबली आणि कालचा टॉवेलवाला, म्हणजे टोळीचा मुकादम, आनंदाने ओरडला, "हे काय, आलेच की सायेब! इचारा त्येनलाच. काल ह्येनीच दावलं!"

सगळं शेत माझ्याकडे वळलं. तोडणाऱ्या बायांचे कोयतेसुद्धा थांबले.

"हे सायब न्हाईत," मामा शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाला फौजेत काय म्हणतात मला माहीत नाही, पण त्याच्यानंतर बहुतेक तोफा सुरू होतात. "हे आमचं जावई हायती."

"आसं कसं?" मुकादम गोंधळला. "डायरी, टोपी, गळ्यात पिशवी. बांधावर हुबं ऱ्हाऊन लिवत होते. चिटबॉय न्हाई तर दुसरं कोन लिवतंय फडात?"

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक तरुण उतरला. काळा टी-शर्ट, त्यावर सोनेरी वाघ, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, गॉगल. "मी कुणाल. नवा चिटबॉय," तो म्हणाला. "हा फड कुणी धरायला सांगितला?"

मुकादमाने एकदा वाघाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या बाजूला सरकून हळूच म्हणाला, "सायेब, हा पोरगा कोन हाय?"

कुणालने गॉगल काढला. पोरगा वागायला सरळ होता. "सर, तुम्ही कुठल्या कारखान्याचे?"

"मी तंत्रनिकेतनात शिकवतो. सर्व्हेइंग."

"म्हणजे जमीन मोजायला?"

"हो."

त्याने चुकीच्या दीड एकराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चांगल्या घरचा असल्याने काही बोलला नाही.

"आता टोळी तिकडनं इकडं घ्या," मी सुचवलं. अशा वेळी कुणीतरी नेतृत्व करावं लागतं.

"तसं होत नाही सर. धरलेला फड अर्धा सोडता येत नाही, तुटलेला ऊस वाळतो. हा उरकायला बुधवार उजाडणार. चौदा तारखेपासून टोळी पलीकडच्या गावाला ठरलीय, मधल्या दोन दिवसांत दीड एकर निघत नाही." त्याने मोबाईल बघितला. "नाथाजीकाकांचा नंबर आता परत टोळी आल्यावर. पंचवीस तारीख."

लग्न बावीसला होतं.

मामांनी नारळ उदबत्तीच्या हातात दिला, म्हणजे एकाच हातात दोन्ही घेतलं, आणि मोकळा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "पाव्हणं, अठ्ठावीस वर्सं नकाशा वाचला मी. बरफात वाचला, वाळवंटात वाचला. एकदाबी तुकडी चुकीच्या डोंगराव गेली न्हाई. आन् तुमाला इहिरीची उगवती बाजू घावली न्हाई?"

मी कान धरले. पार पलीकडून हिंदुराव हे सगळं बघत होते. ऐकू जाण्याच्या अंतरात नव्हते, एवढंच एक बरं.

मग तीन दिवस जे झालं ते थोडक्यात सांगतो. उंब्रजपासून कराडपर्यंतची सगळी मंगल कार्यालयं बावीसला गेलेली होती. शाळेच्या मैदानावर क्रिकेटचे सामने. मी रजिस्टर लग्नाचे फायदे सांगितले. कचरा नाही, आवाज नाही, अन्नाची नासाडी नाही. विजयमालामामींनी, म्हणजे सासूबाईंनी, पोळी लाटता लाटता माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे फायदे गिळले. शिवतेजने तिकडून फोनवर सांगितलं, "दाजी, निशाणा चुकला तर दुसरी गोळी मिळते. सुट्टी दुसरी न्हाई मिळत." नवरीकडच्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं, पण बातमीला पाय असतात आणि नवरीचं गाव आठच किलोमीटरवर.

आणि शिवांजली? ती मला काहीच बोलत नव्हती. एकुलत्या भावाचं लग्न. तिने सहा महिने आधीपासून मांडवाचा रंग ठरवला होता. मंगळवारी रात्रीच्या जेवणाला ती फक्त एवढंच म्हणाली, "तुमच्या खऱ्या आयुष्यात माझं माहेर येतं की नाही?" मी त्या वहीत सासरवाडी 'तीन वेळा' अशी लिहिली होती. प्रथमच मला वाटलं की ती नोंद चुकीच्या रकान्यात झाली. आपण काय घालतो ते आपल्याला सोयीचं असून भागत नाही. ते बघून समोरचा आपल्याला कोण समजतो, हेही आयुष्यच असतं. माझ्या तक्त्यात माणसंच नव्हती. सगळी ठिकाणं होती.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं सासरवाडीला होतो. मी ठरवून आलो होतो की टोळीच्या पाया पडायचं, कारखान्यात जायचं, वेळ पडली तर विद्यार्थ्यांना कोयते द्यायचे. (त्यांना चार मार्कांचा प्रश्न येतो, ऊसतोडही येईल.) मामा ओसरीवर पत्रिका उलटसुलट करत बसले होते. एवढ्यात अंगणात खाकरण्याचा आवाज आला.

दारात हिंदुराव. मागे त्यांच्या पत्नी दगडाबाई. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा.

अकरा वर्षांनी! मामींच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. मामा उठले, पण काय करावं हे न सुचून सावधानमध्ये उभे राहिले.

"नाथा," हिंदुराव दारातूनच म्हणाले. "माझा फड आज सकाळी निघाला. माझा नंबर मार्चात हुता. आन् तुझा पैला. पोराचं लगीन तोंडाव, मांडवाची जागा उसात. आन् तू आपला ऊस हुबा ठिवून आदी माझा घातलास?"

मामींनी तांब्या हळूच खाली ठेवला.

"सोमवारी डोळ्यांनी बघितलं म्या. तुझा जावई माझ्या वावराकडं हात करून मुकादमाला सांगत हुता, म्हनं आयतवारीच सांगून गेलता. तू त्याच्या खांद्याव हात ठिवलास. त्यानं कान धरलं. कुनाला सांगू नगा, असंच सांगत हुतास न्हवं?"

मी तोंड उघडलं. सत्य हे सत्य असतं, आणि मी तर सत्यासाठी एकसष्ट कपड्यांवर पाणी सोडलेला माणूस. "तात्या, खरं म्हणजे ते लोकल अट्रॅ..."

शिवांजलीची टाच माझ्या पायावर आली. ती शांतपणे हसत होती. मी उरलेला शब्द श्वासाबरोबर आत घेतला.

मामांनी हातातल्या पत्रिका खाली ठेवल्या. हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही. समोर हिंदुराव डोळे पुसत होते. शेवटी मामा एवढंच म्हणाले, "हिंदू, हातभर बांधापायी अकरा वर्सं गेली रं."

हे खोटं नव्हतं. आणि त्यात सगळं होतं.

"गेली ती गेली," हिंदुराव म्हणाले. "आता माझं वावर मोकळं हाय. उद्या पाचट गोळा करून सपाट करून देतो. पोराचा मांडव तिथंच घाल. इहिरीशेजारीच हाय, पत्रिकाबी बदलाय नगं. पर मला एक सांग, ही अक्कल कुनाच्या डोक्यातनं आली? तुझ्या तर न्हाई. तुला म्या पाळण्यापास्नं वळखतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तीन दिवसांचा हिशेब होता, पण तोंडाने म्हणाले, "जावईबापूंच्या."

जावईबापू! मी ताठ झालो. शिवांजलीने माझ्या पायावरून टाच काढली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून मनापासून हसली. हिंदुरावांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "शिकलेली पोरं अशी पायजेत. बघा, राहनी किती साधी!"

मी नम्रपणे कॉलर नीट केली. त्या दिवशी मी तिसऱ्या जोडणीत होतो: गडद खाकी पँट, सायीहून अर्धी छटा पिवळसर शर्ट. म्हटलं, अखेर कुणाला तरी समजलं. बाराच कपडे, पण त्यांनी एक मांडव उभा केला, दोन घरं जोडली. आता लग्नातल्या भाषणात हा विषय दोन मिनिटं घ्यायला हरकत नाही, असा विचार मी करत होतो, तेवढ्यात इतका वेळ मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळत असलेल्या दगडाबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून बघितली, पेढ्यांचा पुडा मामींच्या हातात दिला आणि कळवळून म्हणाल्या,

"विजयमाला, मांडवाचं मागनं बघू गं. आदी जावयाला एक जोड घ्या. आयतवारी बघितला ह्याच कापडात, सोमवारी ह्याच कापडात, आजबी ह्याच कापडात. एवढं गुनाचं लेकरू, आन् धुतल्यालं वाळंस्तवर घरात कसं बसत आसंल, देवाला ठावं!"